पंपातल्या दुय्यम आवाजाबाबत

घाईचं खरं नाव घाई नव्हतं. हजेरीपटावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण बाई ते पूर्ण उच्चारायच्या आतच ती "हजर!" म्हणून मोकळी व्हायची. त्यामुळे शेवटची दोन अक्षरं वर्गात कुणी कधी ऐकलेलीच नव्हती. ती विनोद संपायच्या आधी हसायची आणि तो संपला की पुन्हा एकदा, सांगणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. परीक्षेत तिची उत्तरं बरोबर असायची, फक्त ती पुढच्या प्रश्नाची असायची.

हे सगळं लोकांनी कौतुकानं चालवून घेतलं असतं. पण गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात गायनवृंदाच्या पंचवीस मुलींनी श्वास घेतला, आणि घाईनं तो घेतलाच नाही. ती थेट गायली. भरल्या सभागृहात एक पूर्ण सेकंद ती एकटीच "आ" करून उभी होती. एक सेकंद म्हणजे फार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो चारशे लोकांसमोर तोंड उघडं ठेवून काढून बघावा. गायनवृंदातून तिचं नाव गेलं ते गेलंच, वर चपलांच्या रांगेतसुद्धा मुली विचारायच्या, "काय ग, आज कोणतं गाणं? उद्याचं?"

म्हणून यंदा नव्या संगीताच्या बाईंनी सोमवारी तिला वाद्यांच्या खोलीत बोलावलं, तेव्हा ती आधीच सांगून बसली, "बाई, मी गाणार नाहीये."

"मी कुठे म्हटलं गा म्हणून?" बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या पुढ्यात एक लाकडी ठोकळा ठेवला. डब्याएवढा, पोकळ, सोबत एक काठी. "तुझ्याबद्दल ऐकलंय मी. तू चुकत नाहीस ग. तू मध्ये येतेस."

"म्हणजे चुकतेच ना?"

"मध्ये ही एक जागा आहे." बाईंनी टेबलावर चार ठोके दिले. एक, दोन, तीन, चार. "हे सगळ्यांचे. सगळं जग इथे पाय टाकतं. आता दोन ठोक्यांच्या मध्ये जी रिकामी जागा उरते, तिथे जोर दिला तर? ऐकणाऱ्याचा पाय हवेत असतानाच त्याला धक्का. यालाच सिंकोपेशन म्हणतात."

"माणूस पडेल ना, बाई."

"पडत नाही. नाचायला लागतो." बाई हसल्या. "बोलण्यातही असतं. पालकसभेत तुझे बाबा म्हणाले होते, 'आमची मुलगी...'" इथे बाईंनी इतका वेळ घेतला की घाईला खिडकीबाहेरच्या सायकली मोजून झाल्या. "'...गुणी आहे.' सगळी सभा श्वास धरून बसली होती, की आता काय म्हणतायत! जोर कुठे द्यायचा, हे त्यांना बरोबर कळतं."

बाबांना काही कळत नव्हतं. ते कचेरीत आवक-जावक विभागात होते आणि प्रत्येक शब्द बाहेर सोडण्याआधी त्याची मनातल्या मनात नोंद करायचे, एवढंच. पण घाईला एकदम भारी वाटलं. घराण्यात काहीतरी होतं तर!

"वाद्यवृंदात या ठोकळ्याचा भाग एकटीनं वाजवायचाय," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या मॉनिटरलाही तो हवाय. शुक्रवारी दोघींना ऐकते, मग ठरवते."

मॉनिटर म्हणजे चालतंबोलतं घड्याळ. तिच्या वेण्यासुद्धा एकाच लांबीच्या असायच्या. घाईनं तिथल्या तिथे ठरवलं, की ही जागा आपली. आयुष्यभर आपण जिथे चुकून उभे राहिलो, तिथे आता आपल्याला बोलावून उभं करतायत. ती जागा वेण्यांना देणं शक्य नाही.

घरी आल्याबरोबर तिनं स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं उचललं आणि आईला ठोके द्यायला बसवलं. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, सुईच्या टोकाइतकी नेमकी. ती एक-दोन-तीन-चार टाळ्या वाजवत राहिली, घाई मध्ये उलथनं मारायला गेली, आणि ते पडलं बरोब्बर टाळीवर.

पुन्हा. टाळीवर. पुन्हा. टाळीवरच.

म्हणजे बघा. चौदा वर्षं जी मुलगी एकदाही वेळेवर आली नाही, ती नेमकं मध्ये यायचं म्हटल्यावर वेळेवर यायला लागली! एखाद्याचं नशीब थट्टा करतं, पण त्यातही काही मर्यादा असते.

"तुला मुद्दाम चुकता येत नाहीये," आई म्हणाली. "आणि माझे हात दुखले. जा, तोंड धू."

तोंड धुवायला ती न्हाणीघरात गेली तेव्हा पाच वाजले होते. पाच वाजता इमारतीतला पंप सुरू व्हायचा. हा पंप तळमजल्यावर होता, वयानं घाईच्याच बरोबरीचा, आणि पाणी गच्चीवर चढवताना तो तासभर एका चालीत ठक्, ठक्, ठक् करायचा. इमारतीत त्याची इतकी सवय झाली होती, की लोक त्यावर घड्याळं लावायचे. न्हाणीघरातून त्याचा जाड पाइप वर जायचा आणि त्यातून ठक् असा आवाज स्वच्छ ऐकू यायचा, जणू पंप आत येऊन आंघोळ करतोय.

घाईनं पाइपाकडे पाहिलं. हातातल्या उलथन्याकडे पाहिलं.

ठक्. टिक्. ठक्. टिक्.

लागलं! दहातलं एक लागलं, पण लागलं. पंप आईसारखा दमत नव्हता आणि "बस झालं" म्हणत नव्हता. मंगळवारी ती पाचच्या ठोक्याला न्हाणीघरात शिरली ती सहालाच बाहेर आली. आता दहातले चार लागत होते. ती इतकी खूश झाली की आरशातल्या स्वतःला तिनं शाबासकी दिली.

आता तोच पाइप इमारतीतल्या प्रत्येक न्हाणीघरातून जातो, ही गोष्ट तिच्या डोक्यात यायला हवी होती. पण डोक्यात येण्यासाठी क्षणभर थांबावं लागतं.

बुधवारी शाळेतून आली तेव्हा बाबा अर्धी रजा टाकून घरी बसले होते. पुढ्यात कार्बन लावलेले कागद. बाबा सोसायटीचे सचिव होते, आणि कचेरीत जेवढी पत्रं त्यांच्या हातून नुसती जायची, तेवढी ते इमारतीत स्वतः लिहायचे. ही त्यांची एकुलती एक हौस.

"ऐक," ते म्हणाले. "विषय: पंपातून येणाऱ्या... दुय्यम आवाजाबाबत."

घाईच्या हातातलं दप्तर खाली गेलं.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते, की पंपाच्या मुख्य आवाजामध्ये सोमवारपासून एक दुय्यम आवाज मिसळत असून, तो अनियमित व... चिंताजनक आहे. कसं वाटतं?"

इथे घाई नेहमीसारखी पटकन बोलली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली. सांगितलं तर पाइप गेला, पाइप गेला तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला तर वेण्या आल्या. शिवाय बाबा इतके खुलले होते! 'चिंताजनक' शब्दाखाली त्यांनी पट्टीनं रेघ मारली होती.

"छान आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी दुय्यम आला.

पाच वाजता सगळे पंपापाशी जमले. अध्यक्षकाका पुढे. ते निवृत्त इंजिनिअर, त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते, त्यामुळे न हलणाऱ्या वस्तूंचं त्यांना सगळं कळायचं. "बेअरिंग," ते म्हणाले. "मी आवाजावरून सांगतो."

"मला तर हिरडीत ठणका असतो तसं वाटलं," दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा दवाखाना घरातच होता. "असल्या गोष्टी वेळेत उपटून टाकाव्यात."

"मला विचाराल तर..." तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

पंपवाले मिस्त्री आले. ते बोलताना शब्दांचं पोट खाऊन टाकायचे, फक्त डोकं आणि शेपूट ठेवायचे. संगीताच्या बाईंनी सांगितलं होतं, की शब्दांचं पोट असं गाळण्याला भाषेत 'सिंकोप' म्हणतात, सिंकोपेशनचंच भावंडं. मिस्त्रींनी एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. घाई श्वास रोखून उभी. ती इथे उभी, म्हणजे वर टिक् करायला कोण असणार?

"कै झाल्लं नै पंपाला," मिस्त्री म्हणाले. "ठणठणीते."

"पण आवाज यायचा," अध्यक्षकाका म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी ऐकलाय."

"आत्ता नै येत."

"तेच तर! जो आवाज माणूस बोलावल्यावर लपतो, तो जास्त धोकादायक. पंप उघडा."

"काका, जुना पंप आहे. उघडलात की रडेल. नका उघ्डू."

मतं घेतली गेली. पंप उघडावा या बाजूनं सगळे, विरुद्ध मिस्त्री, पण मिस्त्री सभासद नव्हते. बाबांनी ठराव लिहून घेतला. शिंपीकाकांनी हात वर केला होता, तो "बाजूनं" धरला गेला. घाईनं दोनदा तोंड उघडलं. पण अध्यक्षकाकांच्या बोलण्यात कुठे फटच नव्हती. आणि खरं सांगायचं, तर तिनं फट फारशी शोधलीही नाही.

गुरुवारी ती शाळेतून परतली, तेव्हा पंप गोणपाटावर पडला होता, सतरा तुकड्यांत. प्रत्येक तुकडा ठणठणीत होता. फक्त इतक्या वर्षांत कुणी हात न लावलेलं रबरी सील हवा लागताच भुगा होऊन गेलं होतं.

"सील उद्या मिळल," मिस्त्री म्हणाले, आणि "मी कै म्हट्लं होतं?" हे तोंडानं न म्हणता निघून गेले.

गच्चीवरची टाकी रिकामी. पाणी होतं ते फक्त जमिनीखालच्या टाकीत. चार मजल्यांवरची बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या हातात बादली. आता साध्या माणसाला वाटेल, लिफ्टमधून बादल्या न्याव्यात. पण लिफ्टच्या दारावर पाटी होती: 'लिफ्टमधून पाणी नेण्यास सक्त मनाई.' ती तीन वर्षांपूर्वी बाबांनीच लावली होती, बारीक अक्षरात नियम क्रमांकासकट. बाबांनी पाटीकडे पाहिलं. पाटी अगदी स्वच्छ शब्दांत होती. पळवाट ठेवायची सवयच नव्हती त्यांना.

"रिकाम्या बादल्या... खाली आणता येतील लिफ्टनं," ते म्हणाले. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

शेवटी जिन्यात रांग लागली. खाली शिंपीकाका टाकीतून बादली भरून द्यायचे, ती अध्यक्षकाकांकडे, मग बाबांकडे, मग घाईकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे, मग आईकडे, अशी वर वर, थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत. बादली पुढच्याच्या हातात देताना प्रत्येकजण म्हणायचा, "घ्या!"

"घ्या!"

"घ्या!"

"सचिव," डॉक्टरीणबाई वरून म्हणाल्या, "सकाळपासून मी पेशंटना सांगतेय, गुळण्या घरी जाऊन करा. एक गृहस्थ तोंडात गुलाबी पाणी धरून बसमध्ये चढलेत! हे सगळं तुमच्या त्या दुय्यम आवाजापायी."

"पत्रक यांनीच काढलं," अध्यक्षकाका खालून म्हणाले. पूल कोसळला की इंजिनिअर कुठे उभा राहतो, ते त्यांना ठाऊक होतं. "मी फक्त बेअरिंग म्हणालो."

बाबांनी बादली घेतली. त्यांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि खिशातल्या पेनाची शाई पाझरून छातीवर निळा नकाशा तयार झाला होता. ते सावकाश म्हणाले, "चूक... माझी आहे. मी नीट चौकशी करायला हवी होती."

बाबा कधीच चुकायचे नाहीत. ते इतका वेळ घ्यायचेच मुळी न चुकण्यासाठी. आणि आज त्यांनी वेळ घेऊन दुसऱ्याची चूक आपल्या नावावर आवक करून टाकली होती.

बोलायला हवं. पण "घ्या"ची माळ थांबत नव्हती. तिच्या लक्षात आलं, की एक "घ्या" आणि दुसरा "घ्या" यांच्या मध्ये एक इवलीशी जागा आहे. बादली पुढे गेलेली असते, दुसरी आलेली नसते. तेवढ्यात हात रिकामे असतात.

"घ्या!" बाबा म्हणाले.

तिनं बादली पुढे दिली. "तो आवाज—"

"घ्या!"

"—पंपाचा—"

"घ्या!"

"—नव्हता! माझा होता!"

रांग थांबली. अध्यक्षकाकांनी पुढे केलेली बादली घ्यायला समोर कुणाचे हातच नव्हते. ती त्यांच्याच पायांवर रिकामी झाली.

"अशक्य," ते चपला निथळवत म्हणाले. "मी स्वतः ऐकलाय. यांत्रिक आवाज होता तो."

"उलथनं होतं, काका."

"उलथनं?"

"लाकडी. मी पाइपावर सराव करत होते. उद्या शाळेत निवड आहे, दोन ठोक्यांच्या मध्ये वाजवायचंय, आणि ते पंपाशिवाय जमतच नव्हतं, आणि मी कालच सांगणार होते, पण मला ती जागा हवी होती. म्हणून नाही सांगितलं." एवढं सगळं तिनं एका श्वासात सांगितलं, आणि मग तिच्याकडे श्वासच उरला नाही.

सगळा जिना बाबांकडे बघायला लागला. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या कोरड्या बाहीला पुसला, परत लावला. अख्खी इमारत पाय हवेत धरून उभी होती.

"उलथनं," बाबा म्हणाले, "...आपलं होतं?"

"हो, बाबा."

"तरी म्हटलं, त्याची मूठ का हलतेय." ते पायरीवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. घाईला वाटलं रडतायत. पण बाबा हसत होते, आवाज न करता, शाईच्या नकाशासकट. मग एकदम थांबून म्हणाले, "काल लपवलंस, ते चुकलंच. हे इतिवृत्तात... घ्यावं लागेल."

"घ्या," ती मान खाली घालून म्हणाली.

"मला कुणी बोलू देईल का?" खालून शिंपीकाका म्हणाले. "बुधवारपासून हात वर करून बसलोय. अहो, सुंदर होता तो आवाज! माझं मशीन दोन दिवस त्याच चालीत चालत होतं. मंगळवारी मी एका तासात अकरा बाह्या लावल्या. पंप उघडू नका, हेच सांगत होतो मी."

आई वरून म्हणाली, "पाणी पाठवा हो! कुकर अडलाय माझा."

"चल," डॉक्टरीणबाईंनी घाईपुढे हात केले. "कबुलीनं काही टाकी भरत नाही. पण काय वाजवत होतीस, ते दाखव तरी."

"उलथनं घरात आहे."

"हात आहेत ना?"

रांग पुन्हा सुरू झाली. "घ्या!" बादली आली. बादली गेली. हात रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातांनी घाईनं एक टाळी वाजवली. "घ्या!" टाळी. "घ्या!" टाळी. तिला मोजावं लागेना. जागा शोधावी लागेना. रिकामे हात आपोआप तिला तिथे नेऊन सोडत होते. दहातले दहा!

गंमत अशी, की आतापर्यंत धक्के खात, सांडत चाललेली रांग हळूहळू एका चालीत आली. डॉक्टरीणबाईंनी मध्येच एक टाळी दिली. मग आईनं दिली. अध्यक्षकाका "हे सगळं शास्त्रीय दृष्ट्या..." असं म्हणता म्हणता ओल्या चपलेनं पच्, पच् करायला लागले, तेही बरोबर मध्ये. टाकी कधी भरली ते कळलंच नाही. थोडी जास्तच भरली आणि गच्चीवरून वाहिली, पण त्याबद्दल इतिवृत्तात उल्लेख नाही.

शुक्रवारी मॉनिटरनं आधी वाजवलं. अगदी बिनचूक. प्रत्येक ठोका ठोक्यावर. बाई म्हणाल्या, "मध्ये वाजव." मॉनिटरनं आणखी बिनचूक ठोक्यावर वाजवलं. सोमवारची स्वतःची अवस्था आठवून घाईला तिची एकदम दया आली. वेण्या काही वाईट नव्हत्या तिच्या.

मग घाई उभी राहिली. बाईंनी टेबलावर ठोके सुरू केले. घाईनं डोळे मिटले, मनात जिना आणला, बाबांची भिजलेली बाही आणली. घ्या. टिक्. घ्या. टिक्. आठ आवर्तनं झाली, तशा बाईंनी टेबल सोडलं. ठोके थांबले. पण घाईचे टिक् थांबले नाहीत, कारण तिला आतले "घ्या" ऐकू येत होते. खोलीतल्या मॉनिटरचा पाय नकळत हलायला लागला, आणि मॉनिटरचा पाय याआधी परवानगीशिवाय कधीच हलला नव्हता.

"हे कुठे शिकलीस ग?" बाई म्हणाल्या.

"जिन्यात."

"ठोकळा घरी घेऊन जा," बाई म्हणाल्या. "तुझा आहे."

संध्याकाळी मिस्त्रींनी नवं सील बसवलं. पंप सुरू झाला, आणि काहीच ऐकू आलं नाही. ना ठक्, ना काही. नव्या सिलाचा पंप मांजरीसारखा चालत होता. लोक आधी खूश झाले. मग शनिवारी त्यांची पंचाईत झाली. पाच वाजले की नाही, हे कळेना. पाणी चढतंय की नाही, हेही कळेना. शिंपीकाकांनी एक बाही उलटी लावली.

रविवारी सभा झाली. ती फक्त नऊ मिनिटं चालली, आणि शिंपीकाका त्यातली सात बोलले. सभेनंतर बाबा फलकापाशी गेले आणि नवीन कागद लावायला लागले. घाई त्यांच्या मागे, पायांच्या बोटांवर उभी.

'विषय: पंपातील आवाजाबाबत. नव्या सिलामुळे मुख्य आवाज बंद झाल्याने सभासदांची गैरसोय होत आहे. सबब, दुय्यम आवाज रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत चालू ठेवण्याचे सर्वानुमते ठरले. सदर आवाज अनियमित असून... चिंताजनक नाही.'

टिंबंसुद्धा बाबांनी जशीच्या तशी लिहिली होती. ते सावकाश एकेका कोपऱ्याला टाचणी लावत होते, पण चौथी टाचणी लागायच्या आधीच घाईचं वाचून झालं होतं, ती जिना चढून गेलीही होती, आणि वरच्या मजल्यावरून टिक् ऐकू यायला लागलं होतं. पाच वाजायला अजून दोन मिनिटं होती.